अवधानाचा पांगुळगाडा

अभ्यास करणे हे विद्यार्थ्याचे कर्तव्य आहे असे मानले, तर त्याबद्दल त्याला बक्षीस द्यावे काय? प्रश्न जुना आहे. खडीसाखरेचा खडा मुठीत धरून नातवाकडून पाढे म्हणवून घेणाऱ्या आजीलाही तो पडला असेल, आणि तिने तो आपल्या परीने सोडविलाही असेल. अलीकडे हाच प्रश्न नव्या वेषात पुढे आला आहे. वेष नवा असला की जुनी ओळख विसरण्याचा संभव असतो. म्हणून त्याचा येथे थोडा विचार करण्याचे योजिले आहे.

इंदूर शहरात भंवरकुआँच्या चौकाकडे गेले, म्हणजे हा नवा वेष कोठून आला ते ध्यानात येते. सभोवार शिकवणीवर्गांच्या पाट्या, त्यांवर यशस्वी विद्यार्थ्यांची छायाचित्रे आणि प्रत्येक छायाचित्राखाली त्याचा क्रमांक. आतल्या गल्ल्यांतून भाड्याच्या खोल्या, आणि महिन्याच्या बोलीवर एक खुर्ची व एक टेबल देणाऱ्या अभ्यासिका. धार, झाबुआ, खरगोन, बडवानी अशा जिल्ह्यांतून आलेली मुले-मुली येथे राहतात. कोणाला राज्य लोकसेवा आयोगाची परीक्षा द्यावयाची असते, कोणाला अभियांत्रिकीची, कोणाला वैद्यकाची. वर्षामागून वर्ष हाच दिनक्रम चालतो. घर दूर असते, हटकणारे कोणी नसते, आणि हातात मोबाइल फोन असतो. त्या फोनमध्ये साऱ्या जगाची करमणूक दाटीवाटीने उभी असते, आणि ती एका बोटाच्या स्पर्शाची वाट पाहत असते.

या चोरट्यापासून अभ्यासाचे रक्षण व्हावे म्हणून त्याच फोनवर एक राखणदार नेमण्याची युक्ती निघाली आहे. अभ्यास हाच खेळ करून टाकणारे हे अ‍ॅप होय. विद्यार्थी आपल्या दिवसाचे वेळापत्रक त्यात मांडतो. ठरलेली वेळ सुरू झाली की घड्याळ चालू लागते. २०१४ साली निघालेल्या ‘फॉरेस्ट’ या अ‍ॅपमध्ये त्या क्षणी पडद्यावर एक रोपटे उगवते. वेळ पुरी होईपर्यंत मुलगा दुसरीकडे वळला नाही तर त्याचे झाड होते, मध्येच वळला तर ते वाळून जाते. २०१३ मध्ये निघालेल्या आणि पुढे ‘हॅबिटिका’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या दुसऱ्या एका साधनात विद्यार्थी हा खेळातला वीरच होतो. काम केले तर त्याला सुवर्णमुद्रा मिळतात, चुकविले तर त्याचे बळ घटते. याखेरीज गुण, पदके, मित्रांमधील क्रमवारी, आणि किती दिवस एकही खाडा झाला नाही याची लांबत जाणारी माळ, हे अलंकार बहुतेक ठिकाणी असतातच. असे साधन घडविणे आता अवघड राहिलेले नाही. इंदूरात श्री गोविंदराम सेकसरिया तंत्रविद्यालय १९५२ पासून आहे, आयआयटी २००९ पासून आहे. संगणकविद्या जाणणारे तरुण येथे मुबलक आहेत, आणि ज्यांच्यासाठी साधन करावयाचे ते विद्यार्थी तर त्यांच्या शेजारच्या खोलीतच राहतात. आमचा प्रश्न मुख्यतः या घडविणाऱ्या तरुणांना आहे.

प्रथम एक गोष्ट मोकळेपणाने मान्य करू. ‘आमच्या वेळी असले काही नव्हते’ असे म्हणून या साधनाला नाक मुरडण्यात अर्थ नाही. कारण आमच्या वेळीही बाहेरचा आधार होताच. तिन्हीसांजेला दिवा लागला की परवचा म्हणावयाचा, पावकी-निमकीपासून औटकीपर्यंत जावयाचे, आणि आत स्वयंपाकघरात आईचा कान त्याकडे लागलेला असावयाचा. हे चित्र कोकणातल्या आणि गोव्यातल्या घरांत होते तसे इंदूरच्या रामबागेतल्या मराठी घरांतही होते. नियम मुलाने केलेला नव्हता. तो घराने केलेला होता, आणि मूल त्यात वाढत होते. वेळ मोजून काम करण्याची कल्पनाही परकी नव्हे. फ्रान्सिस्को चिरिल्लो या इटालियन विद्यार्थ्याने १९८० नंतरच्या दशकाच्या अखेरीस टोमॅटोच्या आकाराचे स्वयंपाकघरातले गजराचे घड्याळ समोर ठेवून पंचवीस मिनिटांच्या बैठकीची पद्धत बसविली, आणि आजची बहुतेक अ‍ॅपे तीच चालवितात. आमच्याकडे तळाला बारीक भोक असलेली वाटी पाण्यात सोडीत; ती भरून बुडाली की एक घटका झाली. घटका चोवीस मिनिटांची. एका बैठकीस माणसाचे चित्त किती वेळ धरून ठेवावे, याचा दोन दूरच्या ठिकाणचा अंदाज अवघ्या एका मिनिटाने चुकावा, हा योगायोग तर खराच. पण वेळ मोजण्याची गरज कोणत्याही एका युगाची नाही, एवढे त्यावरून दिसते. गीतेच्या सहाव्या अध्यायात अर्जुनानेही मनाच्या चंचलपणाची तक्रार केलीच आहे, आणि ती तक्रार खोटी आहे असे त्याला कोणी सांगितले नाही.

तेव्हा आधार घ्यावा की नाही, हा वादाचा मुद्दा नव्हे. मूल चालू लागण्यापूर्वी त्याच्या हाती पांगुळगाडा देतात, तो दिल्याने त्याचा अपमान होत नाही. मुद्दा एवढाच की, पांगुळगाडा चाल शिकविण्यासाठी असतो. तो धरूनच माणूस मोठा झाला तर त्याला चालता येते असे कोणी म्हणणार नाही. आणि सुताराने तो हातातून सुटूच नये अशा बेताने घडविला असेल, तर त्या सुताराचा हेतू तपासावा लागेल.

बक्षिसाने शिक्षणाचे काय होते, याचा मानसशास्त्रज्ञांनी प्रयोगांनी शोध घेतला आहे. १९७३ साली लेपर, ग्रीन आणि निस्बेट या तिघांनी अमेरिकेतील एका बालवाडीत असा प्रयोग केला. ज्या मुलांना रंगीत पेनांनी चित्रे काढणे मुळातच आवडत असे, त्यांतल्या काहींना आधी सांगण्यात आले की, चित्र काढलेत तर प्रशस्तिपत्र मिळेल. त्यांनी चित्रे काढली, प्रशस्तिपत्रे घेतली. काही दिवसांनी तीच पेने पुन्हा समोर ठेवली, तेव्हा ही मुले इतरांच्या मानाने बरीच कमी वेळ चित्रांत रमली. जो आनंद होता त्याचे मजुरीत रूपांतर झाले, आणि मजुरी थांबताच काम थांबले. परंतु प्रयोगाचा दुसरा भागही सांगितला पाहिजे. ज्यांना आधी काही न सांगता शेवटी अचानक प्रशस्तिपत्र दिले, त्यांची आवड घटली नाही. म्हणजे बक्षीस हे विष नव्हे. आधी ठरलेला सौदा हे विष होय. आणि जेथे मुळात आवडच नाही, अशा रुक्ष विषयाच्या उंबरठ्यापर्यंत मुलाला आणण्यास थोडी लालूच उपयोगी पडते, हेही आजीच्या खडीसाखरेने पूर्वीच सिद्ध केले आहे. आजीचे शहाणपण असे की, पाढे पाठ झाल्यावर ती खडा देण्याचे विसरून जाई.

गुणांची स्पर्धा लावून माणसांना सवय जडविता येते काय, या प्रश्नाचा एक फार मोठा प्रयोग स्वतः इंदूर शहरावर झाला आहे. स्वच्छ सर्वेक्षणाची स्पर्धा २०१६ मध्ये सुरू झाली तेव्हा त्र्याहत्तर शहरांत इंदूर पंचविसावे होते. पुढच्याच वर्षी, म्हणजे २०१७ मध्ये, ते चारशे चौतीस शहरांत पहिले आले. आणि २०२३ पर्यंतच्या प्रत्येक सर्वेक्षणात पहिलेच राहिले, शेवटच्या वर्षी तो मान सुरतेबरोबर वाटून घेऊन. घरोघरी गाडी येऊ लागली, ओला व सुका कचरा वेगळा होऊ लागला, आणि २०२२ साली देवगुराडिया येथे ओल्या कचऱ्यापासून दररोज वायू तयार करणारा मोठा कारखानाही उभा राहिला. प्रारंभी हे सारे क्रमांकासाठी होते, यात संशय नाही. तथापि आज एखादा इंदूरकर सराफ्यात रात्री काही खाऊन रिकामा द्रोण हातात घेऊन कचरापेटी शोधीत जातो, तेव्हा त्याच्या मनात कोणतेही सर्वेक्षण नसते. खेळातून सवय झाली आणि सवयीतून स्वभाव होत चालला. ‘बक्षिसातून सद्गुण निपजतच नाही’ असे म्हणणाऱ्यांना इंदूरने हे उत्तर दिलेले आहे, आणि ते मान्य करणे भाग आहे.

पण याच शहराने दुसरे उत्तरही दिले, आणि ते फार महाग पडले. डिसेंबर २०२५ च्या अखेरीस भागीरथपुरा या वस्तीत नळाच्या पिण्याच्या पाण्यात सांडपाणी मिसळले. पुष्कळ माणसे आजारी पडली, आणि त्यांतली काही दगावली. रस्ते तेच होते, झाडलेले होते, पहिल्या क्रमांकाचे होते. त्यांच्या खालून जाणारी नळी मात्र कोणाच्या डोळ्यांसमोर नव्हती. या दुर्घटनेची कारणे शोधणे हे चौकशी करणाऱ्यांचे काम आहे. आम्हांस येथे त्यातून एवढेच घ्यावयाचे आहे की, गुणपत्रक ज्या बाजूला तोंड करून बसते त्या बाजूची माणसाला सवय लागते. ज्या बाजूला ते पाठ करते, ती बाजू आपोआप सुधारत नाही. गुण पाहताना आपण समजतो की सारे ठीक आहे, आणि हा समजच कित्येकदा सर्वांत घातक ठरतो.

अभ्यासाच्या अ‍ॅपला हे तंतोतंत लागू पडते. ते काय मोजते? फोनला किती मिनिटे हात लागला नाही, हे मोजते. त्या मिनिटांत पुस्तक उघडे होते की मिटलेले, उघडे असेल तर डोळे ओळीवर होते की खिडकीबाहेर, आणि डोळे ओळीवर असतील तर मन कोठे होते, यातले त्याला काहीच कळत नाही. एखादा मुलगा पंचवीस मिनिटे भिंतीकडे पाहत बसला तरी पडद्यावर त्याचे झाड हिरवेगार होते. दुसऱ्या मुलीला एका गणिताने तीन तास छळले, अखेर ते सुटले, आणि त्या भरात तिने यंत्र सुरू करण्याचेच विसरले, तर तिच्या नावावर शून्य. मौन पाळले गेले याची नोंद झाली. समजले काय याची नोंद करणारे यंत्र नाही. आणि मनुष्यस्वभाव असा की, ज्याची नोंद होते तेच खरे काम असे त्याला हळूहळू वाटू लागते. वर्षाअखेरीस अरण्य दाट झालेले असते आणि डोक्यात माळरान असते.

जपमाळेची आठवण येथे सहज होते. मणी हे मोजण्याचेच साधन. म्हणजे साधनेत संख्या आणण्याचे पाप आजच्या तरुणांनी प्रथम केले असे नाही. माळ फिरते पण मन फिरत नाही, म्हणून संतांनी नुसत्या मणी ओढणाऱ्यांची पुष्कळ थट्टाही केली आहे. परंतु ज्यांनी ही माळ हाती दिली, त्यांनी तिच्याबरोबर गोमुखीही दिली. हात आणि माळ कापडी पिशवीत झाकून जप करावा, आपला जप दुसऱ्याच्या दृष्टीस पडू देऊ नये, हा तिचा हेतू. या लहानशा पिशवीत केवढा विवेक साठविलेला आहे! मोज, पण मिरवू नको. आजच्या अ‍ॅपने माळ उचलली आणि गोमुखी टाकून दिली. शेजाऱ्याची किती तासांची बैठक झाली, मित्रमंडळींत कोण वर आणि कोण खाली, हे सदैव डोळ्यांपुढे ठेवले म्हणजे अभ्यासाची ईर्ष्या होते. ईर्ष्येने माणूस काही काळ धावतो हे खरे. पण तो पुढे न बघता बाजूला बघत धावतो.

याहूनही सूक्ष्म अपाय त्या अखंड दिवसांच्या माळेचा आहे. मिळविण्याच्या आनंदापेक्षा गमावण्याचे दुःख माणसाला अधिक लागते, हे कानेमन आणि ट्वेर्स्की यांनी १९७९ मध्ये शास्त्रशुद्ध रीतीने मांडले. ऐंशी दिवस नेम चालला आणि एक्याऐंशीव्या दिवशी ताप आला, तर यंत्र आकडा पुन्हा शून्यावर आणते. मुलगा तापातही उठून घड्याळ सुरू करतो. विद्येसाठी नव्हे, आकड्यासाठी. एकदा आकडा तुटला की ‘गेलेच सगळे’ असे म्हणून पुढचे आठ दिवस पुस्तकाला शिवतही नाही. आमच्या व्रतांत याचा विचार होता. घरात सुतक आले, नेम खंडित झाला, तरी व्रत मोडले असे कोणी म्हणत नसे; ते दिवस सरले की नेम पुन्हा सुरू होई. माणूस आजारी पडतो, घरी लग्न निघते, आप्त दगावतात. जो नियम याला जागा ठेवीत नाही तो माणसासाठी केलेला नियम नव्हे. काही ठिकाणी तुटलेली माळ सांधून देण्याचे पैसे घेतात. स्वतःच भीती उत्पन्न करावयाची आणि स्वतःच तिचा उतारा विकावयाचा, या धंद्याला काय म्हणावे ते वाचकांनीच ठरवावे.

इंदूरच्या लोकांना अवधान म्हणजे काय हे शिकण्यास परदेशी जावयास नको. उस्ताद अमीर खाँ (१९१२–१९७४) याच शहरात वाढले. त्यांचे वडील शाहमीर खाँ हे सारंगिये; त्यांनी मुलाकडून मेरुखंडाचा रियाज करवून घेतला. सात स्वरांची उलटापालट करीत गेले तर त्यांच्या पाच हजार चाळीस रचना होतात, एकेक घोटावयाची. यापेक्षा अधिक आकड्यांचा, अधिक रुक्ष, बाहेरून लादलेला अभ्यास कोणता असणार? पण पुढे खाँसाहेब झुमऱ्यातल्या अतिविलंबित लयीत एकेक स्वर उलगडू लागत, तेव्हा ऐकणाऱ्याला त्या पाच हजार चाळीसांतले काही मोजता येत नसे. संख्या रियाजात विरघळून गेलेली असे. आकडा हा पायऱ्यांसारखा आहे. माडीवर पोहोचल्यावर जो पायऱ्याच मोजीत बसतो त्याने माडी पाहिलीच नाही.

आणि आमच्या गोमंतकीय वाचकांस धर्मानंद कोसंबींचे स्मरण झाल्यावाचून राहणार नाही. १८७६ साली साखवाळ येथे जन्मलेला हा माणूस. शालेय शिक्षण बेताचे, घरची जबाबदारी मोठी. एका मराठी बालमासिकात बुद्धचरित्र वाचले आणि मनाला ओढ लागली. १८९९ मध्ये त्यांनी घर सोडले; काशीला अन्नछत्रात जेवून संस्कृत शिकले, नेपाळला गेले, सिंहलद्वीपात जाऊन पाली शिकले, आणि १९१० साली ‘विसुद्धिमग्ग’ या ग्रंथाच्या संपादनासाठी हार्वर्डला पोहोचले. त्यांच्या या वाटेवर पदक देणारे कोणी नव्हते. येथे कोणी म्हणेल की, कोसंबी हजारांत एक. भंवरकुआँतल्या सामान्य मुलाला त्यांचा दाखला देऊन काय उपयोग? आक्षेप योग्य आहे. परंतु दाखला त्यांच्या असामान्य कष्टांचा देत नाही. त्या कष्टांच्या आधी काय घडले त्याचा देत आहो. आधी ओढ लागली, मग अवधान आले. मासिकातल्या त्या चरित्राने त्यांना कोणतेही गुण दिले नाहीत. एक विषय दिला. अवधान हे प्रेमाच्या मागोमाग चालते. यंत्र त्याला वेळेवर बसवू शकेल, पण कशावर जडावे हे सांगू शकणार नाही.

मग सारा दोष या बिचाऱ्या अ‍ॅपचा काय? नाही. न्यायाने पाहिले तर ते एका मोठ्या खेळाचे धाकटे भावंड आहे. चौकातल्या पाटीवर ज्या मुलाचे छायाचित्र झळकते, त्याच्याखाली त्याला काय आवडते ते लिहिलेले नसते. क्रमांक लिहिलेला असतो. पालक क्रमांक विचारतात, वर्गवाले क्रमांक विकतात. ज्या विद्यार्थ्याचे सारे भविष्य आपण गुणांच्या यादीत घातले, त्याने अभ्यासाच्या तासालाही गुण मागितले तर त्याला हसण्याचा अधिकार आम्हां वडिलधाऱ्यांना पोहोचत नाही. ओढ लावण्याचे काम शिक्षकाचे, घराचे, ग्रंथालयाचे. ते काम आपण टाकले, म्हणून ही जागा रिकामी झाली, आणि रिकाम्या जागेत यंत्र येऊन बसले.

तरीही घडविणाऱ्याचे कर्तव्य उरतेच. आमच्या मते त्याने चार गोष्टी पाळाव्या. पहिली, सवय जडत जाईल तसतसे गुण आणि पदके आपोआप मागे सरावी, आजीच्या खडीसाखरेसारखी. दुसरी, मोजमाप विद्यार्थ्याच्या गोमुखीत राहावे. क्रमवारीत नाव घालावयाचे की नाही हे त्याने ठरवावे, आणि न घालणे हीच मूळची रीत असावी. तिसरी, खाडा झाला तर यंत्राने हिशेब मागू नये, पुन्हा बसण्यास बोलवावे. चौथी, मुलाच्या दिवसाची ही बारीकसारीक नोंद, तो केव्हा उठला, केव्हा ढळला, केव्हा खचला, ही त्याची ठेव आहे. ती दुसऱ्याच्या बाजारात जाता कामा नये. अठरा वर्षांखालील मुलांच्या वर्तनावर पाळत ठेवण्यास आणि त्यावरून त्यांना जाहिराती दाखविण्यास प्रतिबंध करणारी तरतूद २०२३ च्या वैयक्तिक विदासंरक्षणाच्या कायद्यात आहेच. पण अठरा वर्षे आणि एक दिवस झालेल्या मुलाची ठेव बाजारात न्यावी असे सद्सद्विवेकबुद्धी सांगत नाही.

या चारही गोष्टी पाळल्या तर धंद्याला तोटा होईल, असे कोणी म्हणेल. होईल. विद्यार्थी रोज परत यावा यावर ज्याचे उत्पन्न अवलंबून आहे, त्याला विद्यार्थ्याने स्वतंत्र होणे परवडत नाही, आणि या विषयातला खरा नैतिक पेच तोच आहे. शिक्षकाच्या धंद्यात मात्र हा पेच फार पूर्वी सुटलेला आहे. तेथे शिष्य निघून जातो, हीच गुरूची मिळकत समजतात. आपल्या अ‍ॅपचा वापर किती जण करतात, हा आकडा घडविणारे तरुण अभिमानाने सांगतात. त्यांना आमचे विचारणे एवढेच आहे की, गतवर्षी किती मुलांनी ‘आता याची गरज उरली नाही’ असे म्हणून ते काढून टाकले, याचा आकडा त्यांनी ठेवला आहे काय?